सोबतीची मुलगी

जून आला की माझे गुडघे आधी कुरकुरायला लागतात. मुखेडच्या शाळेत मी गणित शिकवते, पण जूनभर माझं खरं काम म्हणजे आसपासच्या गावांतून फिरून मुलींच्या आईबापांच्या विनवण्या करणं. लहान गावांतली शाळा सातवीला संपते, पुढे मुखेडला यावं लागतं आणि तिथेच निम्म्या मुली गळतात. या फिरण्याचा मला आता कंटाळा आला आहे. उगाच कशाला लपवू?

अशाच एका गावात वेशीजवळ राहणारी एक मुलगी होती. फळ्यावर माझं गणित लिहून व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. आठवीला ती चुलत बहिणीबरोबर यायची. बहिणीचं लग्न झालं आणि नववीच्या जूनमध्ये ही यायची बंद झाली. मी तिच्या घरी गेले.

"मॅडम, पोरगी लई हुशार हाय, मी कुठं न्हाई म्हणून राहिलो?" बाप म्हणाला. "पण फाट्यापस्तोर तुरीच्या रानातून एकटीला कसं धाडावं? सोबत पायजे."

मुलींना एसटीचा पास फुकट आहे, सायकलही मिळते. सोबत मात्र कुठल्याच योजनेत बसत नाही. मग मी भर उन्हात सोबत शोधत निघाले. पाण्याच्या टाकीजवळच्या घरात तिच्याच वयाची एक सापडली. मामाच्या गावी आठवी करून घरी बसलेली.

"मला न्हाई शिकायचं, मॅडम," तिने तोंडावर सांगितलं.

मी तिच्या बापाला गळ घातली. "त्या पोरीचं सगळं शिक्षण तुमच्या लेकीवर अडलंय, भाऊ."

त्याने बराच वेळ मान खाजवली. "बरं, जाऊ द्या. आमच्यापायी दुसऱ्याच्या लेकराचं नुकसान नको."

म्हणजे त्याची लेक शाळेत आली ती दुसरीसाठी. पुढची दोन वर्षं माझी मधली सुट्टी तिनेच खाल्ली. ती नववीत नापास झाली असती तर वेशीजवळचीही घरी बसली असती, म्हणून डबा खाता खाता मी तिला गणित शिकवायचे आणि ती समोर बसून जांभया द्यायची. कधी कधी असा राग यायचा, की डबा तसाच बंद करून उठावं. एकदा वेशीजवळचीला ताप आला तर हीसुद्धा आली नाही. विचारलं तर म्हणाली, "सोबतच न्हाई तर येऊन काय करू?" एका गोष्टीत मात्र ती पक्की होती. संध्याकाळी बस लागली रे लागली की खिडकीतून रुमाल टाकून दोघींची जागा धरायची.

दहावीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मी त्यांना सोडायला स्टँडवर गेले. वेशीजवळची पुढे नांदेडला आत्याकडे राहून शिकणार हे ठरलं होतं. बापाने स्वतःहून होकार दिला होता. मी मनातल्या मनात हुश्श केलं.

बस लागली, पण टाकीजवळची पोरगी जागा धरायला धावली नाही. माझ्याशेजारी उभी राहिली.

"मॅडम, नांदेडला तिला सोबत नको का?"

"नको गं, आत्या आहे ना. सुटलीस तू एकदाची," मी हसून म्हटलं.

ती हसली नाही. "घरी सुपारी फोडायची बोलणी चालू हायती. तिला सोबत लागती म्हणून बाबा दोन वर्सं थांबले. अजून लागती म्हणून सांगा ना त्यांना."

"तुला तर शाळा आवडत नाही."

"शाळा न्हाई आवडत. यायला आवडतं."

सोळा वर्षांची पोर, आणि दोन वर्षांत मी तिला एकदाही तिच्याबद्दल काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी रुमाल टाकून जागा धरली ती वेशीजवळचीने. मीही त्यांच्याबरोबर बसमध्ये चढले. पाय ठणकत होते, घरी जाऊन पडावंसं वाटत होतं. फाटा येईपर्यंत मी टाकीजवळच्या पोरीच्या बापाला काय सांगायचं ते जुळवत होते. नांदेडची आत्या म्हातारी आहे, पोरगी एकटी पडेल, तुमच्या लेकीवाचून तिचं अडेल, असं काहीबाही. तिला तिच्यासाठीच शिकू द्या म्हटलं असतं तर त्याने ऐकलं नसतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.