चौथ्या स्लाइडची कड

चौथ्या स्लाइडच्या कडेला वेगळ्या पेशींचा लहानसा पुंजका दिसला, तेव्हा रिपोर्ट जवळपास लिहून झाला होता. मी गोव्यातल्या एका खासगी लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट होतो. नमुना स्वादुपिंडाच्या गाठीचा होता आणि नाव ओळखीचं. मालवणात आमच्या दारावर मासे घेऊन येणारी पार्वतीबाय.

गाठ कॅन्सरची होती, यात शंका नव्हती. प्रश्न प्रकाराचा होता. एकाच गाठीतल्या पेशींत जीन्स जवळपास तीच असतात. कुठली चालू आणि कुठली बंद, यावर पेशीचा स्वभाव ठरतो. तिच्या बहुतेक पेशी अजून ग्रंथीसारख्या गोल मांडणीत बसल्या होत्या. हा प्रकार त्यातल्या त्यात सावकाश वाढतो. पुंजक्यातल्या पेशी ती मांडणी विसरल्या होत्या. अशा पेशी औषधाला फारशी दाद देत नाहीत आणि लवकर पसरतात.

मी लॅबप्रमुखांना म्हटलं, खास स्टेनसाठी, म्हणजे पेशी रंगवून प्रकार ओळखण्यासाठी, ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, मुंबईला पाठवू.

"दहा दिवस जातील. आपण मुख्य प्रकार लिहितो ना? लिहा आणि सोडा."

ती लॅबची रीतच होती. पुंजक्याची ओळ मी सोडली. त्यांना दोष देत नाही. सही माझी होती.

शनिवारी मालवणला घरी गेलो तर पार्वतीबाय पायरीवर बसलेली. तिचा एकुलता मुलगा संदीप मालवाहू बोटीवर होता. करार मे महिन्यात संपणार होता.

"डॉक्टरानू, खरा सांगा. झिलाक आताच बोलवून घेव काय? मधीच बोट सोडून इलो तर पुढची नोकरी मिळाची नाय."

पुंजका डोळ्यांपुढे होता. मी म्हटलं, "घाई नको गो. त्यातल्या त्यात बरो प्रकार आसा. त्याका मेत येव दे."

"म्हणजे तवसर माका मराक सुट्टी नाय," ती हसली.

दर रविवारी त्याचा फोन यायचा. माझी पत्नी सांगायची, ती सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसते आणि त्याला मात्र सांगते, बरी आसंय. त्याच्यासाठी भरून ठेवलेले सुके बांगडे तिने दोनदा डब्यातून काढून पुन्हा उन्हात घातले. मार्चमध्ये गाठ यकृतात पसरली. शेवटच्या आठवड्यात खळ्यात, म्हणजे अंगणात, कुणाचंही पाऊल वाजलं की ती त्याचं नाव घ्यायची. संदीपला कळवलं, पण बोट भर समुद्रात होती. तो पोचला तेव्हा बारावं उलटून गेलं होतं.

रिपोर्टात काय होतं, असं त्याने विचारलं. मी सही केलेलीच ओळ पुन्हा सांगितली.

निवृत्तीनंतर बरीच वर्षं गेली. यंदा लॅबमध्ये जाऊन ती स्लाइड काढायला लावली. नव्या पॅथॉलॉजिस्टबाईंनी ती पाहून पुंजक्याची नोंद असलेल्या पुरवणी रिपोर्टवर सही केली. तो घेऊन संदीपकडे गेलो.

वाचून तो म्हणाला, "तुमी ह्या तेवाच लिवला असता तर आई वाचली असती?"

"बहुतेक नाय. पण तुका ती भेटली असती."

त्याने कागद घडी करून खिशात घातला. मला बसा म्हणाला नाही.

बायोप्सीत जे थोडंसंच दिसतं, त्यालाही एक ओळ द्यावी. औषध कदाचित बदलणार नाही, पण कुणाला कधी बोलवायचं हे माणसं त्यावरून ठरवतात.