साडेसहाची इंग्रजी

किस्से गोळा करावे लागत नाहीत हो. एक क्लास उघडायचा आणि दार लावायचं नाही, बस्स. आपोआप आत येतात.

लातुरात औसा रोडला माझा क्लास होता. परदेशी युनिव्हर्सिटीत शिकायला जायचं तर आधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. मार्क नवापैकी. शिरूर अनंतपाळची महादेवी त्यासाठीच यायची. तिला कॅनडात मातीचा अभ्यास करायचा होता. प्रवेश मिळालेला, पण अट अशी की चारही भागांत साडेसहा पाहिजेत. बोलण्यात पोरीला दोनदा साडेपाचच पडले. आता शेवटचा चान्स, हुकला की सीट गेली. तिचे वडील बसवंतप्पा तिला सोडायला यायचे आणि मागच्या बाकावर बसून सगळं ऐकायचे.

ते साल दुष्काळाचं. एकदा ऐकण्याची सराव परीक्षा चालू होती. सगळ्यांच्या कानाला हेडफोन, आत कुणी गोरी बाई लायब्ररीचा पत्ता सांगतेय. तेवढ्यात गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला. हेडफोनमधून तो पोरांना ऐकू कसा आला, हे मला अजून कळलेलं नाही. निम्मी पोरं शेजारीच खोल्या करून राहायची, ती पाणी भरायला पळाली, बाकीची त्यांना हात द्यायला. रागावणार तरी कोण? माझाच ड्रम पहिल्या नंबरात होता.

पाणी भरून वर क्लासात येऊन बघतो तर अप्पा हेडफोन लावून बसलेले.

"बाई एकटीच बोलत होती सर. बरं दिसंना, म्हून बसलो ऐकत."

*

उदगीरचा एक संगमेश्वर होता. उदगीर वेगळा जिल्हा होणार, ही बातमी तेव्हा दर महिन्याला यायची आणि विरून जायची. 'तुमच्या गावाविषयी सांगा' हा प्रश्न ठरलेला. याचं उत्तरही ठरलेलं, "उदगीर इज अ डिस्ट्रिक्ट प्लेस."

म्हटलं, "अरे, अजून तालुकाच आहे ना?"

"सर, परीक्षा पुढच्या महिन्यात हाय. तवर होईल."

झाला नाही. यानं उत्तरही बदललं नाही. चांगले सात घेऊन गेला.

*

अप्पांना शंका फार. एकदा म्हणाले, "सर, तिकडचा माणूस हिकडं शिकाया आला तर आपून त्याची मराठीची परीक्षा घेतो का?"

"नाही, अप्पा."

"मंग त्याला कळतं कसं?"

मी सांगितलं, आपल्या मोठ्या कॉलेजांतही शिकवणं इंग्रजीतच असतं, त्याला काही अडत नाही.

"मंग आपल्या पोरांना कसं कळतं?"

मी फळा पुसायला घेतला.

*

महादेवीला इंग्रजी येत होतं. अडचण वेगळीच होती. सरावात विचारलं, तुला चांगली येणारी एखादी गोष्ट दोन मिनिटं सांग. ती जमिनीकडं बघत म्हणाली, "नथिंग स्पेशल, सर." चार सेकंदांत विषय संपला.

"अगं, बोल की."

"आपल्या तोंडानं आपलं कौतुक कसं करावं, सर? बरं दिसतं का?"

मला रागच आला. म्हटलं, आजपासून आरशापुढं उभं राहायचं आणि रोज दोन मिनिटं स्वतःची स्तुती करायची, इंग्रजीत. तिसऱ्या दिवशी पोरगी आली ती जळक्या मिरच्यांचा वास घेऊनच. आईनं दाराआडून ऐकून तिची दृष्ट काढली होती.

"आईला इंग्रजी कळतं?"

"न्हाई सर. पण म्हणाली, एवढ्या तोऱ्यात बोललं तर लागणारच."

*

परीक्षा हैदराबादला झाली. निकाल आला, बोलण्यात सात! मी पेढे वाटले. आणि मग तिनं परीक्षेच्या खोलीत काय झालं ते सांगितलं.

आत गेली ती घाबरलेलीच, नाव सांगतानाच ठसका लागला. समोरच्या वयस्कर मॅडमनी रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी पाण्याची नवी बाटली पुढं सरकवली. हिनं हात लावला नाही. त्या साली शिरूरला टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. घरात पाणी माणशी वाटून ठेवलेलं. कुणी प्यायला दिलं तर आधी विचारायची रीतच पडली होती. तिनं तेच इंग्रजीत विचारलं, "मॅडम, हे कुणाच्या वाट्याचं हाय?"

मॅडमना काही कळेना. मग ही समजावून सांगत बसली. टँकर कसा येतो, नंबर कसे लागतात, आणि आईची कळशी सगळ्यांच्या आधी कशी संपते, कारण आलागेला तिच्याच वाट्याचं पितो. सांगता सांगता भीती कुठं गेली, तिचं तिलाच कळलं नाही. रेकॉर्डिंग सुरू झालं तरी ही थांबेना.

निघताना मॅडमनी बाटली तिच्या हातात दिली. "माझ्या वाट्याची आहे," म्हणाल्या.

गेटबाहेर अप्पा सकाळपासून उन्हात बसलेले. तिनं बाटली त्यांना दिली. अप्पांनी दोन घोट घेतले, झाकण घट्ट लावलं आणि बाटली पिशवीत ठेवली.

"प्या की अजून, अप्पा. हितं मिळतंय पाणी."

"असू दे," अप्पा म्हणाले. "घरी गेल्यावर तुझी आई इचारंल, पेपर कसा गेला. तिला हे देऊ."