रेंजच्या कडेची माणसं

"तू भंगारवाली हो," केतकीताई म्हणाल्या. "तुला सोपं जाईल."

सिंगापूरला, मरीन परेडच्या त्यांच्या काँडोतली फंक्शन रूम. एसी असा की अंगावर काटा यावा. फरशीभर वर्तमानपत्रं अंथरलेली आणि काही कागदांखाली लाल रंगाच्या कागदी प्लेटा लपवलेल्या. प्लेट म्हणजे बॉम्ब. आम्हाला लाओसला जायचं होतं. जुन्या युद्धात विमानांतून टाकलेले, न फुटता जमिनीत राहिलेले बॉम्ब तिथे अजून माणसं मारतात. अशा एका गावात राहून शाळा रंगवायची, मुलांना इंग्रजी शिकवायचं. आपल्या मुलांना जग कळावं म्हणून इथल्या मराठी कुटुंबांनी काढलेली सहल. आणि जाण्याआधी मुलांना "तिथलं वास्तव" समजावं म्हणून हा खेळ.

केतकीताईंनी रोल वाटले. कुणी डॉक्टर, कुणी शिक्षिका, कुणी पत्रकार. माझ्यापाशी आल्या, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ते वाक्य बोलल्या. एक मोठी निळी पिशवी हातात दिली.

"गोणी काही मिळाली नाही. हीच टाक खांद्यावर. आणि जरा वाकून चाल ना, खरं वाटेल."

सगळे हसले. मीही हसले. वाकले. चालले.

थोडं पुढे जाऊन एक कागद उचलला. खाली लाल प्लेट.

"आंटी डाय ऑलरेडी लाह!" केतकीताईंची मुलगी ईरा टाळ्या पिटत इथल्या मोडक्या इंग्रजीत ओरडली.

मी मेले. खेळाच्या नियमाप्रमाणे फरशीवर आडवी झाले. डोळ्यांतलं पाणी कडेने कानात गेलं. कुणाला दिसलं नाही. कुणी माझ्याकडे बघतच नव्हतं.

माझी आई खरोखरच गोणी घेऊन जायची.

आमच्या गावाला लागून लष्कराची फायरिंग रेंज आहे. सराव संपला की माळावर तोफगोळ्यांचे तुकडे पडलेले असायचे. पितळ, लोखंड. बौद्धवाडा गावाच्या अगदी शेवटी, रेंजच्या कडेला. आमच्यात शेत कुणालाच नव्हतं. सुगी संपली की गावात काम नसायचं. मग आमच्या बाया माळावर पितळ वेचायच्या.

एके सकाळी आईने उचललं ते नुसतं पितळ नव्हतं.

मी शाळेत होते. आवाज वर्गापर्यंत आला. सर म्हणाले, "रेंजचा आहे. लिहा." आम्ही लिहीत राहिलो.

आईचा उजवा हात मनगटापासून गेला. दवाखान्यात पोलीस आला. ती धड शुद्धीवरही नव्हती. तो विचारत होता, "बाकीचा माल कुठं ठेवलाय?" पितळ विकत घेणारा व्यापारी गावातलाच. त्याच्या दारात पोलीस गेला नाही. पुढे एकदा सरांनी भर वर्गात मला उभं केलं. "काय गं, तुझ्या आईचा हात कशात गेला? चोरीत ना?" वर्ग हसला. मी खाली मान घालून उभी राहिले. बस म्हणेपर्यंत उभी राहिले.

मी शिकले. शिकत राहिले. आता इथल्या एका विद्यापीठात धातूंना तडे कसे जातात ते तपासते. बिशानला एका म्हाताऱ्या चिनी आंटीच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहते. आंटी तिच्या खोलीत, मी माझ्या. फ्रिजमध्ये दोघींचे कप्पे वेगळे. शनिवार-रविवार तोंडातून शब्द निघायचा नाही. खालच्या हॉकर सेंटरवर, खाण्याच्या टपरीपुढे, "टेकअवे" म्हटलं की तेवढंच त्या दिवसाचं बोलणं.

मराठी ऐकायला मिळेल म्हणून मी ह्या मराठी कुटुंबांच्या ग्रुपमध्ये गेले होते. पहिल्याच भेटीत केतकीताईंनी आडनाव विचारलं. सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या. मग गाव विचारलं. पुन्हा "अच्छा." मग माझ्या दंडावर हात ठेवून, "छान शिकलीस हं." पॉटलकला, म्हणजे प्रत्येकीने काही करून आणायच्या जेवणाला, बाकीच्या बायका पुरणपोळ्या, अळूवडी, मसालेभात आणायच्या. मला नेहमी पेपर नॅपकिन आणि कोकच्या बाटल्या. "तू एकटी, कुठे स्वयंपाक करत बसतेस!" मला ते कळत होतं. तरी जात होते. एकटेपण माणसाला काय काय गिळायला लावतं.

लाओसला गेले तेही त्यामुळेच. शिवाय आत कुठेतरी वाटत होतं, तिथे गेल्यावर मला आईबद्दल बोलता येईल. कधीच कुणाशी बोलले नव्हते.

त्या गावात बॉम्बची रिकामी नळकांडी उभी चिरून त्यांत कांद्याची पात लावलेली होती. मुलं त्यांच्याबरोबर सेल्फी काढायला लागली. मी लांब उभी राहिले. आमच्या वस्तीत कोंबड्यांना पाणी असल्याच नळकांड्यात ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी शाळेचं काम आटोपल्यावर आम्हाला एका बाईच्या घरी नेलं. तिचं नाव खाम. माझ्या आईच्या वयाची. उजवा हात मनगटापाशी संपलेला. लोखंड वेचताना गेलेला. लाकडी खांबांवरचं घर, त्याखाली सावलीत चटई. मुलं अर्धगोल करून बसली. फोन वर झाले.

केतकीताईंनी बरोबरच्या दुभाषी बाईला इंग्रजीत सांगितलं, "विचारा तिला. धोका माहीत होता, तर मग उचललं का?"

दुभाषी बाईने विचारलं. खामने मान खाली घातली. हळूच हात कापडाखाली ओढून घेतला. अगदी आईसारखा.

केतकीताई आमच्याकडे वळल्या. मराठीत बोलल्या, तिथे कुणाला कळणार होतं! "बघा मुलांनो, शिक्षण नसलं की असं होतं. आपल्याकडेही रेंजच्या कडेला अशी एक जमात असतेच. कितीही सांगा. थोड्याशा पितळेसाठी मरतील, पण कष्ट करणार नाहीत."

मी उठून उभी राहिले.

"ती जमात माझी आहे," मी म्हणाले. "माझ्या आईचा हात तसाच गेला. ती चोर नव्हती. आळशी नव्हती. तिला दुसरं काम तुम्ही दिलं नाहीत."

"मी?"

"तुमच्या माणसांनी."

"अगं, मी जनरल बोलत होते. तू एवढं पर्सनली का घेतेस?"

"माझ्या आईचा हात आहे तो, केतकीताई. जनरल नाही."

ईरा आईच्या तोंडाकडे बघत होती. मी दुभाषी बाईला म्हटलं, "हिला सांगा, माझ्या आईलाही उजवा हात नाही." तिने सांगितलं. खामने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. काहीतरी विचारलं.

दुभाषी बाई म्हणाली, "ती विचारतेय, तुझी आई जेवते कशी?"

"डाव्या हाताने. पण लग्नाकार्यात जेवत नाही. लोक बघतात म्हणून."

खामने बाजूची वेताची डबी ओढली. त्यातला चिकट भात डाव्या हाताच्या बोटांनी दाबून दाबून गोळा केला आणि माझ्या तळहातावर ठेवला. कुणीतरी फोन पुढे केला. "फोटो नको," मी म्हणाले. फोन खाली गेले. मी तो घास खाल्ला. कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला हाताने भरवल्यासारखं वाटलं. रडू आलं. ह्या वेळी मी ते लपवलं नाही.

परतीच्या व्हॅनमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी होती.

सिंगापूरला आल्यावर केतकीताईंनी पाया लेबारला त्यांच्या ऑफिसखालच्या कॅफेत बोलावलं. कॉफी त्यांनीच घेतली. आवाज मऊ.

"आधी सांगितलं असतंस तर! आता सहलीवर कार्यक्रम ठेवतोय, त्यात तूच बोल ना. किती इन्स्पायरिंग होईल. फक्त ते जातीचं वगैरे नको. मुलं असतात, देणगीदार असतात. तू बॉम्बचं बोल."

"आमची वस्ती रेंजच्या कडेला का होती, ते न सांगता?"

"तू फार कडवट आहेस. इतकं शिकूनही."

"शिकलं की कडवटपणा जातो, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी उठले. संध्याकाळपर्यंत मला ग्रुपमधून काढलेलं होतं. ग्रुपमधल्या ज्या बायकांच्या मुलांना मी गणित शिकवलं होतं त्यांच्यातल्या एकीचाही फोन आला नाही. वाट बघितली, खोटं कशाला बोलू.

पुन्हा ते मुके शनिवार-रविवार.

एका रविवारी सकाळी आईला व्हिडिओ कॉल केला. सगळं सांगितलं. हसण्यापासून भाताच्या घासापर्यंत.

"कशाला बोललीस गं?" आई म्हणाली. "एकटी पडशील तिथं."

"आधीही एकटीच होते, आई."

तिने डाव्या हाताने पदर सावरला. मग म्हणाली, "त्या बाईला कोण हाय गं? बघतं का कुणी?"

"लेक आहे."

"बरं." मग अचानक म्हणाली, "आपल्या सुमनची बोटं गेली. पावसाळ्यात, माळावर."

सुमनमावशी आमच्या शेजारची. मी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तू काय करणार व्हतीस एवढ्या लांबून?"

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं. फोन ठेवला तरी मी तशीच बसून राहिले. आंटीच्या खोलीत टीव्ही चालू होता. खाली कुणाचं तरी मूल सायकलची घंटी वाजवत होतं. मला वाटत होतं, ते सगळं संपलंय. आईचा हात म्हणजे जुनी गोष्ट. आणि माळावर अजून बाया वाकतायत. अजून पोलीस विचारतोय, माल कुठं आहे.

मी रजा टाकली आहे. आता कुणाला माझी गोष्ट इन्स्पायरिंग वाटावी म्हणून बोलणार नाही. गावी जाऊन सुमनमावशीला घेऊन कलेक्टर कचेरीसमोर बसणार आहे. माळ साफ करा. वस्तीला काम द्या. ज्याचा हात गेला त्याला चोर म्हणणं बंद करा. पितळ कुणी विकत घेतलं तेही विचारा.

सुमनमावशी येईलच असं नाही. तिच्या घरचे नको म्हणतायत. आईही येत नाही, आपले गुडघे दुखतात म्हणते. ती घाबरली आहे, मला कळतं. ठीक आहे.

एकटी बसेन. पण उठणार नाही.