टोपलीत बसलेले वकीलसाहेब

वकिली सोडून बरीच वर्षं झाली. कायद्याची कलमं डोक्यातून पार निघून गेली, पण कोर्टात झालेली फजिती काही जात नाही! चार जुनी माणसं ओसरीवर बसली की एक किस्सा दुसऱ्याला हाताला धरून घेऊन येतो.

आदिलाबादला निजामाचं राज्य होतं तेव्हाचं हे. मी वामनराव वकिलांचा ज्युनिअर. वामनराव फक्त व्यापाऱ्यांची भांडणं घ्यायचे, खून-मारामारीला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, "खुन्याचा राग एका घावात संपते रे, व्यापाऱ्याचा मुरत राह्यते!"

*

कोर्टाचं सगळं काम उर्दूत, आणि माझी उर्दू पुस्तकातली. पहिल्याच दिवशी नार्नूरच्या एका तेलाच्या व्यापाऱ्याची केस होती. नेमका पुकारा झाला तेव्हा तो लघवीला गेलेला.

मुन्सिफसाहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, विचारलं, "मुवक्किल कहाँ है?" मुवक्किल म्हणजे आपलं अशील.

मला सांगायचं होतं, "फारिग होने गया है." घाबरून तोंडातून निघालं, "हुजूर, फौत हो गया है!" फौत म्हणजे वारला!

मुन्सिफसाहेब खरोखर हळहळले. पेशकारानं, म्हणजे कोर्टाच्या कारकुनानं, नोंद करायला लेखणी शाईत बुडवली. तेवढ्यात आमचा मुवक्किल धोतराला हात पुसत दारात उभा.

मुन्सिफसाहेब म्हणाले, "वकीलसाहब, आपके मरहूम तशरीफ ला रहे हैं!"

*

वामनरावांची उर्दू तरी कुठे लखनौची होती? एका केसमध्ये समोरची पार्टी सारखी तारीख मागायची. शेवटी वामनराव भडकले. "हुजूर, मेरे मुवक्किल को ये लोग काऊन छळून राह्यले?"

मुन्सिफसाहेब हैदराबादचे, खानदानी. त्यांनी शांतपणे विचारलं, "ये 'छळून' फारसी लफ्ज है?"

वामनरावांनी हात जोडले. "नाही हुजूर. फारसीत इतकं कोणी छळत नाही!"

सुनावणी त्याच दिवशी झाली.

*

आमच्या एका मुवक्किलाची मोर छाप बिडी होती. ती खपायला लागली तसं मागच्या गल्लीतल्या एकानं हुबेहूब तसंच लेबल काढलं. त्याचा वकील म्हणे, "हुजूर, ये मोर नहीं, मुर्गा है!"

गिऱ्हाईक फसतं, हे आम्हाला शाबीत करायचं होतं. वामनरावांनी साक्षीला बाजारात वांगी विकणाऱ्या गिरजाबाईंना आणलं. दिवसाला एक बंडल ओढणारी बाई! ते नकली लेबल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्याजवळ धरलं, मग लांब धरलं.

"मोरच हाय जी," त्या म्हणाल्या. "पण बिमार दिसून राह्यला!"

*

बेल्लमपल्लीच्या कोळशाच्या खाणीकडे बांबूच्या टोपल्या जायच्या. दुसऱ्या एका ठेकेदारानं आमच्या मुवक्किलाच्या टोपल्या तकलादू आहेत अशी आवई उठवली आणि सगळं काम स्वतःकडे ओढलं. टोपल्या विणणारी घरंच्या घरं रिकामी बसली. विणणाऱ्यांपैकी राजय्या कोर्टात आला, पण बोलेना. नुसती एक टोपली पुढे ठेवून उभा राहिला.

वामनरावांनी पगडी माझ्या हातात दिली आणि सरळ त्या टोपलीत बसले! चांगले भारदस्त गृहस्थ. टोपली करकरली, पण टिकली. मात्र वामनराव त्यात असे रुतले की उठता येईना. मी एक हात ओढतोय, विरुद्ध बाजूचा वकील दुसरा.

मुन्सिफसाहेबांनी पेशकाराला सांगितलं, "लिखो, टोकरी मजबूत है. और वकीलसाहब को निकालो, अगला मुकदमा लेना है!"

त्या दिवशी राजय्या पहिल्यांदा हसला.

*

जैनथच्या कापूसवाल्यांची केस मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मंडईत कापूस घेणारे जिनिंगवाले पाच. रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचे, आणि पाचही रुमालांखाली तीच बोटं, तोच भाव! माल पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात न्यावा, तर नाक्यावर निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात. लोकांची दोन्हीकडून कोंडी.

फिर्यादी गणपत पाटील म्हणाले, "वकीलसाहेब, हे आपसात ठरवून येतेत, आमाले ठाऊक हाय. पण पाह्यलं कोणी?"

मला वाटलं, ही केस गेली.

पुढे निकाल आमच्या बाजूनं लागला आणि मंडईत उघड बोली सुरू झाली. जैनथकडे अजून सांगतात, वामनरावांनी उलटतपासणीत त्या जिनिंगवाल्या शेटजींना पार फोडून काढलं. साफ खोटं! मी तिथेच होतो.

पाचही शेटजींना बाहेर व्हरांड्यात बसवून एकेकाला आत बोलावलं. वामनरावांचा प्रश्न एकच, "बाकीच्या चौघांशी भावाबद्दल कधी बोलणं झालं?"

पहिले शेटजी म्हणाले, "हुजूर, हम एक-दूसरे का मुँह भी नहीं देखते."

दुसरेही तेच म्हणाले. तिसरे, चौथेही तेच, अगदी शब्दाला शब्द. वामनराव उपरण्यानं घाम पुसायला लागले.

पाचवे शेटजी म्हातारे, कानानं अधू. शपथ घेऊन उभे राहिले. वामनरावांनी प्रश्न विचारला, त्यांना ऐकू आला नाही. वामनरावांनी ओरडून विचारला, तरी नाही.

शेटजींनी समजल्यासारखी मान डोलावली, मुन्सिफसाहेबांकडे वळले आणि मोठ्या अदबीनं म्हणाले, "हुजूर, उन चारों ने जो बोला, वही मेरा लिख लो. हमारा सब एकही रहता!"