आहेर आणू नये, दिगूची शपथ!

हसायचंच असेल तर चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा आमच्या जाऊबाईंच्या नाकातून चहा आला होता, आणि त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं. तर सांगते. माती मी खाल्ली, शंभर टक्के मी खाल्ली. पण माफी मी एकाच माणसाची मागितली, बाकी कोणाची मागणार नाही!

तर आमचा दिगू. दिगंबर. तुमच्यापैकी कोणी त्याचं नाव ऐकलं नसेल, आणि हाच तर माझा राग आहे. सिन्नरच्या एमआयडीसीत लेथ मशीनवर काम करायचा आणि जॉबकार्डांच्या पाठीमागे गाणी लिहायचा. मराठी रॉक. 'मराठीत रॉक? आणि तेही नाशकात?' असं कोणी विचारलं की तो नुसता हसायचा. भांडायचे मी. मी त्याच्या बँडची ड्रमर.

हो, मीच! बघता काय असे? गंगापूर रोडला मुलांचे अबॅकसचे क्लास घेणारी ही शुभांगीबाई पंचवीस वर्षांपूर्वी ड्रम बडवायची. शेजारच्या बायका आईला विचारायच्या, "हिला स्थळं कशी येणार हो?" आलं की एक! आणि ते अजून टिकलंय.

चार वर्षांपूर्वी दिगू गेला. हार्ट अटॅक. पन्नाशीसुद्धा गाठली नाही. कुठल्या पेपरात दोन ओळी नाहीत, कुठे शोकसभा नाही. ज्या माणसानं 'मी रांगेत उभा नाही' असं गाणं लिहिलं, त्याला कोणी रांगेतसुद्धा धरलं नाही. मागे राहिल्या फक्त नऊ कॅसेटा, त्याच्या आईनं गव्हाच्या कोठीत जपून ठेवलेल्या. मग मी ठरवलं. दिगूवर डॉक्युमेंटरी करायची. मला त्यातलं काही येत नव्हतं, पण ड्रम तरी कुठे कोणी शिकवले होते?

कॅमेऱ्याला विनायक. बँडच्या वेळचा आमचा मित्र, आता नाशिक रोडला लग्नांचं शूटिंग करतो. माणूस हिरा, पण सवय लग्नाची. दिगूच्या कारखान्यातल्या जुन्या फोरमनची मुलाखत घेतली, तर हा त्यांना म्हणे, "काका, हनुवटी जरा वर. आता हळूच डावीकडे बघा. स्माइल!" फोरमन बिचारे रडत होते हो! पहिली क्लिप एडिट करून आणली त्यात दिगूच्या फोटोवर गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. त्या काढायला लावल्या तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

असो. खरी अडचण कॅसेटांची निघाली. त्यांना बुरशी लागली होती. मुंबईत एक गृहस्थ अशा कॅसेटा साफ करून त्यातला आवाज काढून देतात. त्यांनी बघितल्या आणि म्हणाले, "आणखी एक पावसाळा काढलात तर विसरा." दिगूचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. कळलं ना? त्या नऊ कॅसेटा गेल्या की दिगू दुसऱ्यांदा गेला. आणि तेव्हा चालू होता मे महिना.

काम खर्चाचं होतं. मी फोन लावायला बसले. जुने मित्र, कारखान्यातले लोक, कॉलेजचा ग्रुप, दिगूला पहिली गिटार घेऊन देणारे सटाण्याचे कांदा व्यापारी भास्करशेठ, एकालाही सोडलं नाही. आणि सांगते तुम्हाला, एकानंही नाही म्हटलं नाही! सगळ्यांचं उत्तर एकच. "कार्यक्रम ठेव ना एखादा. तेव्हा हातातच देतो."

ठेवला. आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये संध्याकाळी दिगूच्या आठवणी, फिल्मची दहा मिनिटं आणि पाववडा-चहा. शंभर कार्डांचा मजकूर तयार केला. खाली मदतीचं आवाहन, त्याच्या शेजारी पैसे पाठवायचा तो चौकोनी कोड. सगळं कसं चोख!

आणि पहिला नमुना घेऊन मी गेले दिगूच्या आईकडे. तिला आम्ही मावशी म्हणतो. पंच्याहत्तरीची, सिन्नरकडची, ताठ बाई. तिनं कार्डावर बोट ठेवून शब्द न् शब्द वाचला. कार्ड मला परत दिलं.

"शुभे, माझ्या दिगूनं जल्मात कोनापुढं हात पसरला नाय. त्याच्या नावानं तुमीबी पसरायचा नाय."

"मावशी, अहो पण कॅसेटा..."

"नाय म्हनले ना!"

आता करता काय? मी ड्रम वाजवून अख्ख्या गल्लीशी भांडलेली बाई, पण मावशीपुढे निमूट कार्ड पर्समध्ये टाकलं आणि उठले. घरी येताना मात्र माझं डोकं चालायला लागलं. माझं डोकं चाललं की घरचे घाबरतात, ते उगीच नाही.

मला सांगा, आपल्याकडे लग्नपत्रिकेत खाली काय छापतात? 'कृपया आहेर आणू नये.' आणि आजवर ते वाचून कोणी रिकाम्या हातानं गेलंय का? तुम्ही गेलायत? खरं सांगा! ती ओळ छापायची असते यजमानानं, आणि न वाचल्यासारखं करून पाकीट द्यायचं असतं पाहुण्यानं. यजमान म्हणणार, "अहो कशाला?" आपण म्हणणार, "असू द्या हो!" संपलं. पिढ्यानपिढ्या चाललंय.

म्हणजे ती ओळ छापली की मावशी खूश, आणि पाकिटं येणार ती येणारच! स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की रिक्षावाल्याकडून सुटे पैसेसुद्धा परत घेतले नाहीत.

तडक रविवार कारंजाजवळ जाधवकाकांच्या प्रेसमध्ये. आवाहन काढलं, कोड काढला, खाली 'कृपया आहेर आणू नये' टाकायला सांगितलं.

जाधवकाका चष्म्यावरून बघत म्हणाले, "ताई, कोड गेला तर खाली जागा उघडी पडते. अजून काहीतरी द्या."

आणि मी, दीडशहाणी, काय म्हणाले असेन? "असं करा काका, मोठ्या अक्षरात टाका, 'दिगूची शपथ आहे!'"

मला वाटलं, मावशीला बरं वाटेल. बाकीच्यांना गंमत वाटेल. काकांनी लाल शाईत छापलं, वर उद्गारचिन्ह स्वतःच्या पदरचं एक जास्तीचं दिलं. मावशीनं नवं कार्ड वाचलं आणि देवापुढे ठेवलं. मी मनात म्हटलं, जिंकले!

कार्यक्रमाची संध्याकाळ. हॉल गच्च. सटाणा, सिन्नर, पुणं, कुठून कुठून माणसं आली. पहिल्या रांगेत मध्ये मावशी, मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसलेली. मी दाराशी, हातात गुलाबपाण्याची दाणी आणि मनात पाकिटं.

कॉलेजची एक मैत्रीण आली, गळ्यात पडली. "शुभा, आणलं होतं गं, पण कार्ड परत वाचलं आणि गाडीतच ठेवलं."

"अगं, ते असंच असतं!"

"असंच कसं? गेलेल्या माणसाची शपथ आहे!"

दुसरा आला, तेच. तिसरा आला, तेच. चौथ्यानं तर खिशातून पाकीट काढून मला दाखवलं, कपाळाला लावलं आणि परत ठेवलं! अहो, आयुष्यात कधी 'येथे थुंकू नये' न पाळणारी माणसं, आज माझी ओळ पाळायला निघाली!

मी विनायकला बाजूला ओढलं. "दाराशी एक खोकं ठेव. वर फट पाड."

"वर लिहू काय? मावशी बघतील."

"अभिप्राय लिही. शहाण्याला समजेल."

खोकं भराभर भरलं. मधेच मी हळूच उघडून बघितलं. चिठ्ठ्या! 'कार्यक्रम छान.' 'दिगू अमर रहे.' 'पाववडा गार होता.' एवढ्या मोठ्या हॉलात शहाणा एकही निघाला नाही.

मग माइक घेतला. मावशी समोर, थेट बोलायची सोय नाही. म्हटलं, "मित्रहो, फिल्म पूर्ण व्हायला अजून बरंच काही लागणार आहे."

मागून कोणीतरी ओरडलं, "आमचे आशीर्वाद आहेत!" टाळ्या.

"नुसत्या आशीर्वादानं होत नाही हो..." मावशीनं माझ्याकडे बघितलं. "म्हणजे... प्रेमही लागतं!"

अजून टाळ्या! दोघं-चौघं तर उभे राहिले. इतक्या टाळ्या दिगू जिवंत असताना सगळ्या कार्यक्रमांत मिळून पडल्या नव्हत्या.

शेवटची आशा भास्करशेठ. त्यांना पाण्याच्या पिंपाजवळ गाठलं. माणूस धंदा मराठीत करतो, पण मन भरून आलं की अहिराणीत शिरतो. शर्टाच्या खिशातून चेकबुक डोकावत होतं. मी हळूच म्हटलं, "शेठ, ते कार्डावरचं मनावर घेऊ नका."

त्यांनी कार्ड काढलं. लाल ओळीवर बोट ठेवलं. डोळे भरलेले. "ताई, अठे काय लिखेल शे? दिगूनी शपथ! माले नही जमनार."

"मी सांगते ना, मोडा!"

"मोडा?" बाजार समितीत आयुष्य गेलेला आवाज तो, सगळ्या हॉलनं ऐकला. "दिगूची शपथ मोडा म्हनता?"

सगळ्या माना वळल्या. मावशीचीही.

मी घाबरून म्हटलं, "बरं, बरं, मी सोडवते! लहानपणी सोडवायचो तशी. सुटली! सुटली! सुटली!"

अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, पाण्याच्या पिंपाशी उभी राहून 'सुटली सुटली' ओरडतेय. डोळ्यांपुढे आणा जरा!

भास्करशेठ गंभीरपणे म्हणाले, "तुमी सोडून कशी सुटंल ताई? ज्याची शपथ तो गेला. आता त्याच्या मायनंच सोडायला पायजे."

आणि अख्खा हॉल हो हो म्हणाला. हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? पण त्या क्षणी तिथे तेच शास्त्र होतं.

मावशीनं विचारलं, "काय सोडायचं हाय गं शुभे?"

क्षणभर वाटलं, मागच्या दारानं निघून जावं. पण मग समोरच्या पडद्यावर दिगूचा फोटो दिसला, पाकळ्या काढलेला, आणि माझं डोकं सणकलं. म्हटलं, झालं गेलं ते झालं, ह्या माणसाचा आवाज मी असा कुजू देणार नाही. पुन्हा माइक घेतला.

"मावशी, ती ओळ मी तुम्हाला दाखवण्यासाठी छापली. लोक ती पाळणार नाहीत या भरवशावर छापली. तुम्हाला फसवलं मी. पण आता सगळ्यांसमोर सांगते, मी हात पसरतेय! दिगूनं पसरला नसता, खरं आहे. पण त्याच्या कॅसेटांना बुरशी लागलीये आणि माझा हात धडधाकट आहे. ज्याला हसायचं त्यानं हसावं. ज्याला नावं ठेवायची त्यानं मला ठेवावी. त्याचा आवाज मी पावसात जाऊ देणार नाही!"

मावशी उठली. मी तिच्यापुढे माइक धरला.

"मी नाय म्हनले," ती म्हणाली, "कारन मला राग आला व्हता. सटान्याला फोन, पुन्याला फोन, साऱ्या दुनियेला फोन. अन् ज्या घरातून कॅसेटा नेल्या त्या घरी कोनी इचारलं का? म्या आई हाय त्याची. म्या परकी हाय का?"

अहो, खरंच होतं की! मी तिच्याकडे परवानगी मागायला गेले, मजकूर दाखवायला गेले. 'मावशी, तुम्ही काय द्याल?' हे एकदाही विचारलं नाही. म्हातारी आहे, तिला कशाला त्रास, असं ठरवून मी तिला सरळ वगळलं होतं.

मावशीनं काखेतल्या त्या पिशवीत हात घातला आणि एक जाडजूड पाकीट काढलं.

"हे म्या कवाच बांधून ठेवलं व्हतं. आज देनार व्हते. तर ही बया माझ्याच लेकाची शपथ घालून बसली! मंग काय करू? चालले व्हते माघारी घेऊन."

मी तिथेच वाकले, तिचे पाय धरले. सुरुवातीला म्हटलं ती एकच माफी, ती ही. तिनं माझ्या पाठीवर एक धपाटा घातला, चांगला सणसणीत, आणि माइकमध्ये म्हणाली, "सुटली!"

काय गलका झाला म्हणून सांगू! भास्करशेठ चेकबुक काढून रडतायत, मैत्रीण गाडीकडे पळतेय, खुर्च्या पडतायत. विनायक हे सगळं शूट करतोय आणि सवयीनं ओरडतोय, "इकडे बघा! स्माइल!"

मी डोळे पुसले आणि मावशीपुढे दोन्ही हात केले. तिनं माझ्या हातांकडे बघितलं. मग पाकीट माझ्या डोक्यावरून पलीकडे नेऊन विनायकच्या हातात दिलं आणि अख्ख्या हॉलला बजावलं,

"समद्यांनी ह्याच्याकडं द्या रे. हिच्याकडं दिलं तर ही आनखी कार्डं छापील."