तांदळातलं नाव
कपाट उघडल्यावर डांबरगोळ्यांचा वास आला, की महापालिकेची जन्म-मृत्यू नोंदणीची खोली आठवते. हिंजवडीतली माझी कंपनी मला अमेरिकेला पाठवणार होती. आईलाही न्यायचं, म्हणून तिचा जन्मदाखला हवा होता. खिडकीमागच्या कारकुनांनी डांबरगोळ्यांच्या वासाची जुनी वही दोनदा उलटली आणि ते म्हणाले, "या नावाची मुलगी जन्मलेलीच नाही. अहो, लग्नाआधी यांना काही नाव होतं की नाही?" मी आईकडे पाहिलं. ती ओशाळून म्हणाली, "हे नाव लग्नात ह्यांनी अंगठीनं तांदळात लिहिलेलं." मग खिडकीशी वाकून तिनं आधीचं नाव इतक्या हळू सांगितलं, की मला ऐकूच आलं नाही. अर्ध्या तासानं कारकुनांनी दाखला तयार झाल्याची हाक मारली. नाव अनोळखी होतं, मी बसूनच राहिलो. शेजारी गुडघे धरून बसलेली आई मात्र शाळेतल्या मुलीसारखी ताडकन उठली आणि म्हणाली, "ओ!" परवा त्याच खिडकीवरून तिच्या मृत्यूचा दाखला आणला. त्यावर तांदळातलंच नाव आहे. तिच्या खऱ्या नावानं तिला शेवटची हाक मारली, ती त्या कारकुनांनी.