पिंजऱ्यावरचं वाढं

येडगावात ऊसतोड संपत आली की बिबट्या शेवटच्या उभ्या उसात दडतो. वनखात्याचा पिंजरा लावायचं काम माझं. उसाचा मालक म्हणाला, "लावा, पण तोड थांबायची न्हाई." मग मी रोज संध्याकाळी पिंजरा लावायचो आणि लोखंड दिसू नये म्हणून उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं वर पसरायचो. सकाळी पाहावं तर पिंजरा उघडाबोडका, बिबट्याचे ठसे लांबूनच वळलेले. दोनदा असं झालं.

तिसऱ्या संध्याकाळी मी बांधाआड बसलो. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई येऊन खुशाल वाढं उचलू लागली. माझा पारा चढला.

ती शांतपणे म्हणाली, "वाढं तोडणाऱ्याचंच असतंय, भाऊ. बैलं काय खातील? अन् डुकराच्या पिंजऱ्याला एवढं झाकायचं कशाला?"

"डुकराचा कोण म्हणालं?"

"मालक."

टोळी पळून जाईल म्हणून मालक खोटं बोलला होता. टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, त्याच उसाला लागून होत्या. मी मालकासमोरच सगळ्यांना खरं सांगितलं.

कुणी पळालं नाही. बाईनं भारा सोडून वाढं पिंजऱ्यावर अंथरलं आणि मालकाला म्हणाली, "बैलांना आता तुमचा कडबा काढा."